कॉफीयंत्रात पाणी अडते तेव्हा

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, वडसा, गडचिरोली हा मूळचा चहाचा मुलूख. परंतु शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला राहून आलेल्या मुलामुलींबरोबर एस्प्रेसोचे यंत्रही आता आपल्या व्यापारी घरांतील ओट्यावर येऊन बसले आहे. पहिले काही महिने त्याची धार मधासारखी पडते. पुढे ती बारीक होते, थेंबांवर येते, आणि एके दिवशी पंप नुसताच घरघरत राहतो. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. सिरोंच्याहून तर त्याच्या दुपटीहून अधिक. जाणकार कारागीर इतक्या अंतरावर असल्यामुळे वीस-पंचवीस हजारांचे यंत्र माळ्यावर टाकले जाते. अशी बरीच यंत्रे मुळात बिघडलेली नसतात. पाणी नेमके कोठे अडले, एवढे शोधावे लागते आणि ते घरी शोधता येते.

प्रथम यंत्राची रचना ध्यानात घ्यावी. टाकीतील पाणी पंप ओढतो, ते तापणाऱ्या भागातून जाते, झडपेतून ग्रुप हेडमध्ये उतरते आणि जाळीतून दाबलेल्या कॉफीवर पडते. कॉफीतून ते सुमारे ९ बार दाबाने ढकलले जावे अशी अपेक्षा असते. घरगुती यंत्राच्या खोक्यावर १५ बार छापलेले असते. तो पंपाचा कमाल दाब होय. त्याला भुलून यंत्र निवडण्याचे कारण नाही.

आता पहिली कसोटी. मूठ असलेले पोर्टाफिल्टर काढून ठेवावे आणि नुसते पाणी सोडावे. धार मोकळी पडली, तर यंत्र निर्दोष आहे आणि अडथळा कॉफीचा आहे. दळण फार बारीक झाले असेल, भुकटी जास्त भरली असेल, अथवा बास्केटची छिद्रे जुन्या तेलकट चोथ्याने बुजली असतील. १८ ग्रॅम भुकटीतून २५ ते ३० सेकंदांत सुमारे ३६ ग्रॅम कॉफी उतरली, तर दळण जमले असे समजावे. आपल्याकडील पावसाळ्यात कॉफी दमट होते आणि उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडते. त्यामुळे मे महिन्यात जमलेले दळण जुलैत तसेच चालेल असे नाही. हे निदान सर्वांत सोपे, म्हणूनच बहुधा राहून जाते.

पोर्टाफिल्टर नसतानाही पाणी येत नसेल, तर वाफेच्या नळीतून पाणी काढून पाहावे. तेथून येते आणि ग्रुपमधून येत नाही, असे झाल्यास शॉवर स्क्रीन नावाची खालची जाळी अथवा तिच्यामागची झडप तुंबलेली असते. बहुतेक यंत्रांत ही जाळी एका स्क्रूने निघते. काढून गरम पाण्यात घासावी. दोन्हीकडून पाणी येत नसेल, तर पंपाच्या आवाजाकडे कान द्यावा. मोठा, पोकळ खडखडाट म्हणजे पंपात हवा शिरली आहे. टाकी नीट दाबून बसवावी, तिच्या तळाची जाळी पाहावी, वाफेची नळी उघडी ठेवून पंप थोडा थोडा वेळ चालवावा. हवा निघून गेली की आवाज बदलतो. दबलेला, जड आवाज म्हणजे पुढे वाट बंद आहे. दूरच्या गावांत विजेचा दाब कमी असतानाही हा पंप असाच मंद घुमतो, म्हणून तोही तपासावा. आवाजच नसेल, तर दोष विजेच्या भागात आहे आणि तेथे आपण हात घालू नये.

येथे एक सावधगिरी. पंप चालू होता आणि पाणी अडले होते, अशा वेळी पोर्टाफिल्टर लगेच ओढू नये. आत दाब कोंडलेला असतो. उकळता चोथा हातातोंडावर उडतो. यंत्र बंद करून काही मिनिटे थांबावे, मगच हळू फिरवावे. जवळ लहान मूल असू देऊ नये.

वाट बंद होण्याचे मुख्य कारण मात्र आपल्या जमिनीत आहे. राजुरा, कोरपना, गडचांदूर या पट्ट्यात चुनखडीचे थर आहेत आणि त्यांच्याच आधारावर तेथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. ज्या भागात विहिरीचे वा बोअरचे पाणी अशा थरांतून येते, तेथे त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाला फेस न देणारे हे दुष्फेन पाणी. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. चुनखडीचे उलट आहे. पाणी तापले की ती बाहेर पडते, म्हणून यंत्राचा सर्वांत गरम आणि सर्वांत अरुंद भागच आधी बुजतो. चंद्रपूर शहराला इरई धरणाचे पाणी मिळते. उन्हाळ्यात जी घरे बोअरकडे वळतात, त्यांच्या यंत्रावर त्या दोन-तीन महिन्यांत पुटे लवकर चढतात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. कॉफीसाठी मात्र साधारण ५० ते १७५ योग्य मानले जाते. म्हणजे माणसाला चालणारे पाणी यंत्राला चालेलच असे नाही. पाणी गाळून वापरण्याची आपल्या घरांची रीत उत्तम आहे. परंतु विरघळलेला क्षार वस्त्रातूनही सहज उतरतो. उकळलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. उकळताना बायकार्बोनेट क्षाराची चुनखडी होऊन ती पातेल्याच्या तळाशी बसते. ते पाणी निवू द्यावे, न ढवळता वरचे घ्यावे आणि तळाचे सोडून द्यावे. यंत्राचे आयुष्य पुष्कळ वाढते. सल्फेट व क्लोराइडचे क्षार मात्र उकळून जात नाहीत. फ्लोराइडही जात नाही, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात ते अधिक आढळले आहे. अशा ठिकाणी यंत्राआधी पिण्याच्या पाण्याचीच प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. नुसते आरओचे पाणी वापरू नये. कॉफी बेचव लागते आणि काही यंत्रांना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही. त्यात थोडे साधे पाणी मिसळावे.

उकळलेल्या पाण्याची कालमर्यादा पाळणाऱ्या घरांनी हेही लक्षात ठेवावे की टाकी रिकामी केली तरी बॉयलरमध्ये कालचे पाणी उरतेच. सकाळी पहिला पेलाभर पाणी काढून टाकावे.

पुटे काढण्यासाठी एक लिटर पाण्यात सुमारे २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, पुरते. मात्र आधी यंत्राची पुस्तिका पाहावी, कारण ॲल्युमिनियमचा भाग असलेल्या काही यंत्रांना आम्ल अधिक वेळ सोसत नाही. द्रावण थोडे थोडे सोडावे, मध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबावे, शेवटी दोन टाक्या स्वच्छ पाणी काढावे. व्हिनेगर टाळलेले बरे. त्याचा वास रेंगाळतो. वर्षानुवर्षे साचलेले पूट एकाच दिवशी काढण्याची घाई करू नये. सुटलेले मोठे तुकडे पुढच्या झडपेत अडकतात आणि मग चालते यंत्रही बंद पडते. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा सौम्य द्रावण वापरणे शहाणपणाचे.

हिशेब लिहिण्याची सवय येथेही कामी येते. यंत्र नवे असताना कॉफीविना ३० सेकंदांत किती पाणी पडते, ते मापून कागदावर लिहावे आणि तो कागद यंत्राखाली ठेवावा. दर महिन्यास पुन्हा मापावे. आकडा घसरू लागला की पुटे काढण्याची वेळ झाली. एवढे करूनही नागपूरला फोन करावाच लागला, तर तो आकडा, पंपाचा आवाज आणि पाणी कोठपर्यंत येते, एवढ्या तीन गोष्टी कारागिराला सांगाव्यात; कोणता सुटा भाग कुरिअरने मागवायचा, हे बहुधा त्यावरूनच ठरते.