वर्डची फाइल उघडते, पण एडिट होत नाही? आधी वरची पट्टी वाचा!

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. मेसेज होता धडगावच्या एका श्रोत्याचा. त्याला नोकरीच्या अर्जासोबत बायोडाटा पाठवायचा होता. मित्राने व्हॉट्सॲपवर वर्डची तयार फाइल दिली. फाइल उघडली, नाव बदलायला बोट टेकवलं, तर कीबोर्डच येईना. शेवटी भाऊ चांदसैली घाट उतरून तळोद्याला गेला आणि एका दुकानात सगळं नव्याने टाईप करून घेतलं. दिवस गेला, पैसे गेले. वर आडनावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं पडलं!

आता बघा, देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आज बऱ्याच अर्जांत नाव आधारशी जुळावं लागतं. म्हणून आपली फाइल आपल्यालाच दुरुस्त करता यायला हवी.

पहिली गोष्ट डोक्यात ठेवा: फाइल एडिट होत नाही म्हणजे ती खराब झाली असं नाही. बहुतेक वेळा तिला कुलूप असतं, आणि ते कुठलं आहे हे वर्ड स्वतःच वरच्या पट्टीत सांगतं. आपण ती पट्टी न वाचता खाली बोटं मारत बसतो.

सुरुवात फोनपासून करू. व्हॉट्सॲपमधून थेट उघडलेली फाइल वर्ड ॲपमध्ये बऱ्याचदा ‘रीड-ओन्ली’ उघडते, म्हणजे फक्त वाचायला. अशा वेळी फाइलच्या मेनूत जाऊन ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘सेव्ह अ कॉपी’ करा, फोनमध्ये कॉपी ठेवा, ती उघडा आणि पेन्सिलच्या चिन्हावर टॅप करा. धडगावच्या भावाचा प्रॉब्लेम एवढाच होता! आणि टॅबलेट वापरणाऱ्यांनो, १०.१ इंचापेक्षा मोठ्या स्क्रीनवर वर्ड ॲपमध्ये एडिट करायला पैसे भरलेलं सबस्क्रिप्शन लागतं.

गूगल डॉक्सची लिंक आली असेल आणि ‘व्ह्यू ओन्ली’ दिसत असेल, तर मालकाने फक्त बघायची परवानगी दिलेली आहे. त्याच्याकडे एडिटची परवानगी मागा, नाहीतर ‘मेक अ कॉपी’ करून स्वतःची प्रत बनवा.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. कॉलेजची लॅब असो की सायबर कॅफे, पाच कुलपं नेहमी भेटतात.

एक, पिवळी पट्टी, ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’. ईमेल किंवा इंटरनेटवरून आलेली फाइल वर्ड आधी संशयाने बघतं. पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाइल आपणच मागवलेली असेल, तर ‘इनेबल एडिटिंग’ दाबा. अनोळखी माणसाची फाइल असेल तर हात लावू नका. व्हायरस याच वाटेने घुसतो.

दोन, ‘मार्क्ड ॲज फायनल’. कोणीतरी ‘काम संपलं’ अशी खूण केलीय. ‘एडिट एनीवे’ दाबलं की झालं.

तीन, ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’. फाइल दुसऱ्या कोणाकडे उघडी आहे, किंवा लाईट गेल्यावर वर्ड अर्धवट बंद पडलं. आधी सगळ्या वर्डच्या खिडक्या बंद करा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. तरीही अडलं, तर फाइलच्या फोल्डरमध्ये लपलेली एक छोटी फाइल शोधा. तिच्या नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असतं. मूळ फाइल कोणाकडेच उघडी नाही याची खात्री करूनच ती छोटी फाइल डिलीट करा.

चार, झिप फाइल. झिपच्या आतूनच उघडलं तर बदल नीट सेव्ह होत नाहीत. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट’ करा, मग उघडा.

पाच, वर ‘अनलायसन्स्ड प्रॉडक्ट’ दिसतंय आणि सगळी बटणं फिकी पडलीत. इथे फाइलचा काही दोष नाही, ऑफिसचं लायसन्स नाही किंवा संपलंय. क्रॅक शोधत फिरू नका. लिबरऑफिस फुकट आहे, गूगल डॉक्सही फुकट आहे. तीच फाइल तिथे उघडा.

आणि शेवटचं कुलूप मुद्दाम लावलेलं असतं. ‘रिव्ह्यू’मध्ये ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ चालू असतं आणि ‘स्टॉप प्रोटेक्शन’ दाबलं की पासवर्ड मागतं. काही फॉर्ममध्ये फक्त रिकाम्या चौकटीच भरायच्या असतात, तेवढ्याच भरा. बाकी बदल हवा असेल तर ज्याने फॉर्म दिला त्यालाच विचारा. ते कुलूप तोडायचं नाही.

जाता जाता एक सवय लावून घ्या. कुठलीही फाइल आली की आधी कॉपी करा, तिला आपलं नाव आणि तारीख द्या, मग काम सुरू करा. मूळ फाइल सुरक्षित राहते. डोंगरात रेंज गेली तरी फोनमध्ये सेव्ह केलेल्या कॉपीवर काम चालू राहतं. आणि पाठवण्याआधी आधार शेजारी ठेवून नावातलं अक्षर न् अक्षर ताडून बघा.

तुमच्या फाइलच्या पट्टीत काही वेगळंच लिहून येत असेल, तर स्क्रीनशॉट पाठवा. फक्त त्यातला आधार नंबर आणि मोबाईल नंबर आधी झाका. चला, भेटू पुढच्या भागात!