पदकाहून मोठें

एडिंबरो विद्यापीठाचे विद्यार्थी एरिक लिडेल यांनीं १९२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत, प्राथमिक फेरी रविवारीं म्हणून १०० मीटरची शर्यत सोडिली. मात्र ४०० मीटर ४७.६ सेकंदांत धांवून सुवर्णपदक मिळविलें. कीर्ति दारीं उभी असतां १९२५ सालीं ते चीनमधील तिएनत्सिन येथें मिशनशाळेंत शिक्षक झाले व मुलांस शास्त्रविषय आणि मैदानी खेळ शिकवूं लागले. पुढें १९४३ सालीं जपान्यांनीं त्यांस स्थानबद्ध केलें. छावणींतही त्यांनीं मुलांस शिकविलें, खेळविलें. रविवारीं हॉकी खेळतांना मुलें भांडूं लागलीं, तेव्हां ते स्वतः पंच झाले! १९४५ सालीं तेथेंच ते निवर्तले. जो नियम त्यांनीं पदकासाठीं मोडिला नाहीं, तो मुलांसाठीं बाजूस ठेविला. शिक्षक कोणास म्हणावें, हें आम्हांस यांतून कळतें.