स्विच बदलल्याने गाणं सुधारतं का?

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या श्रोत्यांकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: घरात राउटर आणि स्ट्रीमरच्या मध्ये ‘ऑडिओफाइल’ स्विच लावला तर गाणं खरंच सुधारतं का? साधा स्विच हजार-दीड हजारात मिळतो, हे खास स्विच पन्नास हजारांच्याही वर जातात. त्यामुळे प्रश्न खिशाचा आहे.

आधी स्विच करतो काय ते बघू. वायरमधून सूर येत नाहीत, आकड्यांची पाकिटं येतात. स्विच पत्ता वाचतो आणि पाकीट योग्य दारातून पुढे ढकलतो. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी ३२ बिटांची तपासणीची खूण असते. एक बिट जरी बिघडला तरी हिशेब जुळत नाही, पाकीट फेकलं जातं, आणि टीसीपीवर चालणारी सेवा ते पुन्हा पाठवते. बिघाड फार झाला तर गाणं अडकेल, तुटेल. पण तंबोरा जरा मळकट लागला, असा बिघाड या वाटेवर होत नाही.

भारही किरकोळ. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला सुमारे १४ लाख बिट घेतं. जुना १०० मेगाबिटचा स्विचसुद्धा त्याच्या सत्तरपट वाहून नेतो.

मग त्या खास स्विचमधलं अचूक घड्याळ? ते पाकिटांच्या वाहतुकीचं. स्ट्रीमरमध्ये गाणं आधी बफरमध्ये साठतं आणि तिथून डॅकच्या घड्याळाच्या ठेक्यावर बाहेर पडतं. सोसायटीत पाणी टँकरने आलं काय किंवा पाइपलाइनने, गच्चीवरच्या टाकीत पडलं की घरातली धार टाकीवर ठरते. खात्री करायची असेल तर गाणं चालू असताना नेटवर्कची वायर उपसा. बहुतेक स्ट्रीमर आणखी काही सेकंद वाजत राहतात. त्या सेकंदांत स्विच जोडलेलाच नसतो! आवाज बदलला का?

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. आकडे शुद्ध असले तरी वायरीतून विजेचा गोंगाट येऊ शकतो. इथरनेटच्या खोबणीत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, ते बराचसा अडवतात. पण धातूचं आवरण असलेली वायर दोन्ही टोकांना धातूच्या प्लगने जोडली, तर दोन उपकरणांच्या पेट्या एकमेकींना जोडल्या जातात आणि घूंऽऽ अशी गुणगुण येऊ शकते. उपाय म्हणजे बिनआवरणाची साधी वायर. आम्ही स्वतः घरी अशाच गुणगुणीसाठी आठवडाभर स्विचला शिव्या घातल्या. शेवटी दोषी निघाली सेट टॉप बॉक्सची केबल! आणि जुन्या इमारतीत राहत असाल तर वायरमन बोलवून अर्थिंग तपासून घ्या. तो खर्च गाण्याआधी जिवासाठी आहे.

इथल्या दाटीच्या इमारतींत वायफाय अडखळतं, तिथे वायर आणि साधा स्विच जरूर लावा. गाणं थांबायचं थांबेल.

‘पण आम्हाला फरक ऐकू येतो,’ असं पुढच्या रांगेतून आत्ता कुणी म्हणालं. येत असेल. मग असं करा: घरातल्या कुणालातरी नाणं उडवून, तुमच्या नकळत, स्विच लावायला सांगा. गाणं तेच, आवाजाची पातळी तीच, पंखा बंद. असं दहा वेळा. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा जास्त उत्तरं बरोबर येण्याची शक्यता सुमारे १ टक्का असते. तुमची नऊ बरोबर आली तर आम्हाला जरूर कळवा, आम्ही येऊन आधी वायरिंग बघू.