मर्केल सेल कार्सिनोमा : आजार आणि औषधे

आजार : त्वचेचा दुर्मीळ, झपाट्याने पसरणारा कर्करोग. अमेरिकेत वर्षाला सुमारे ३,००० रुग्ण. बहुतेक गोरे, पन्नाशी ओलांडलेले. चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर लालसर-जांभळी, टणक गाठ येते. दुखत नाही, म्हणून पुटकुळी समजून सोडून दिली जाते. गायक जिमी बफे २०२३ मध्ये याच आजाराने गेले.

कारण : २००८ मध्ये पिट्सबर्गच्या युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या चमूला या गाठींत एक पॉलिओमा विषाणू सापडला. (पोलिओशी त्याचे नाते नाही.) अमेरिकेतल्या सुमारे ८० टक्के गाठींत तो आढळतो, ऑस्ट्रेलियात मात्र उन्हाचा वाटा मोठा.

इम्युनोथेरपी : केमोथेरपी पेशींवर थेट घाला घालते. इम्युनोथेरपी प्रतिकारशक्तीचा दाबलेला ब्रेक सोडवते. टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ला करणाऱ्या पेशी. त्यांच्यावरचे पीडी-१ आणि गाठीवरचे पीडी-एल१ ही प्रथिने जुळली की हल्ला थंडावतो. औषध ही जुळणी रोखते.

• अव्हेलुमॅब : पीडी-एल१ अडवते. मार्च २०१७, पसरलेल्या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले औषध. ८८ रुग्णांच्या चाचणीत जवळपास एकतृतीयांश जणांच्या गाठी आक्रसल्या.
• पेम्ब्रोलिझुमॅब : पीडी-१ अडवते. मान्यता डिसेंबर २०१८.
• रेटिफॅनलिमॅब : तेही पीडी-१वरच. मान्यता मार्च २०२३.

दुष्परिणाम : चेतलेली प्रतिकारशक्ती थायरॉइड, आतडी, फुप्फुसे यांवरही उलटू शकते. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांच्या शरीराने नवा अवयव नाकारण्याचा धोका असतो.