शॉक घेण्यापूर्वी

पुरुषांच्या लैंगिक तक्रारीवर एका बालरोगतज्ज्ञाने लेख लिहावा, याचे आमच्या काही व्यवसायबंधूंना नवल वाटले. मला स्वतःला ते वाटत नाही. गोडादरा, लिंबायत, डिंडोली या भागांत दवाखाना चालविणाऱ्या कोणाही डॉक्टरला हा अनुभव असेल. बाळाचा ताप उतरलेला असतो, औषधाची चिठ्ठी घडी होऊन खिशात गेलेली असते, आई बाळाला घेऊन बाहेर पडते आणि वडील मात्र क्षणभर घुटमळतात. फॅमिली डॉक्टरकडे शेजारी बसलेले असतात, तज्ज्ञाच्या पाटीखाली बसण्याची लाज वाटते. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात कोणी पाहिले तरी शंका घेत नाही. त्यामुळे हा प्रश्न आमच्या टेबलापर्यंत वारंवार येतो.

विशेष म्हणजे तो मराठीत येत नाही. घरी अहिराणी, दवाखान्यात मराठी बोलणारा माणूस या एका विषयासाठी हिंदीचा आश्रय घेतो आणि ‘मर्दाना कमजोरी’ म्हणतो. हे शब्द त्याला रेल्वेमार्गालगतच्या भिंतींनी शिकविलेले असतात. वास्तविक नपुंसकत्वावरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींना ते ठाऊक नसावे. आपल्या भाषेतील ‘नपुंसक’ आणि ‘षंढ’ हे शब्द रोगाचे न राहता शिवीचे झाले, हे त्यामागील खरे कारण. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, ते या विषयाला सरळ मराठी शब्द मिळावेत म्हणूनही. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. निकाल विरुद्ध गेला. पुढे डॉ. विठ्ठल प्रभूंच्या ‘निरामय कामजीवन’ने मराठी घरांत हा विषय पुष्कळ सभ्यपणे नेला, परंतु लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करणाऱ्या आपल्या खानदेशी बांधवापर्यंत तो पोहोचलेला नाही.

अशाच एका चाळिशीतील गृहस्थांनी गेल्या वर्षी माझ्यासमोर एक रंगीत पत्रक ठेवले. बारा बैठका, गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, कायमचा इलाज. खर्च साठ हजार. त्यांपैकी निम्मे त्यांनी भावाकडून उसने घेण्याचे ठरविलेही होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता : “साहेब, यात करंट देतात का हो?”

करंट देत नाहीत. ‘शॉक वेव्ह’मधील शॉक विजेचा नसून दाबाचा असतो. ही लहर आपल्या लोकांना वेगळ्या कामासाठी परिचित आहे : मूतखडा फोडण्यासाठी. डॉर्निए या विमान कंपनीत, ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आपटले असता काय होते याचा अभ्यास चालू होता. त्यातून शरीराबाहेरून खडा फोडण्याची कल्पना निघाली आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे पहिल्या रुग्णावर ती वापरली गेली. ताठरतेसाठी वापरली जाणारी लहर त्याच जातीची, पण पुष्कळच सौम्य, खडा फोडणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे दशांशाइतकी. तिने काही फोडावयाचे नसते. पेशींना हलकासा ताण बसावा, त्यांनी नव्या केशवाहिन्या उगवण्याचे संदेश सोडावेत आणि रक्तपुरवठा सुधारावा, अशी तिच्यामागील धारणा आहे.

धारणा तर्काला धरून आहे, हे मान्य केले पाहिजे. ताठरता हा मुळात रक्ताभिसरणाचा व्यापार आहे. मज्जातंतूंकडून व रक्तवाहिनीच्या अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड सुटते, स्नायू सैलावतात, स्पंजासारख्या पोकळ्यांत रक्त भरते आणि बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते तेथे अडते. १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली सिल्डेनाफिलची गोळी याच साखळीला बळ देते. पण तिचा परिणाम काही तासांचा. शॉक वेव्हचा दावा मोठा आहे : ती वाहिनीच सुधारते, म्हणजे रोगच मागे नेते.

या दाव्याला पुरावा किती? इस्राएलमधील हैफा येथील वार्डी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पहिला प्रयोग प्रसिद्ध केला. पुरुष अवघे २०, आणि सर्वांना पूर्वी गोळीचा गुण आलेला. आठवड्यातून दोन याप्रमाणे तीन आठवडे, मग तीन आठवडे विश्रांती, पुन्हा तीन आठवडे. अशा बारा बैठका, प्रत्येकीत १५०० लहरी. महिन्याभराने ३० पैकी सरासरी गुण १३.५ वरून २०.९ वर गेले. पत्रकातील बारा बैठकांचे मूळ येथे आहे. मात्र या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता आणि ज्या व्याधीत धीर आल्यानेच निम्मे काम होते, तेथे ही उणीव लहान नव्हे. नंतर लटक्या यंत्राशी तुलना करणारे अभ्यास झाले. काहींत फायदा दिसला. डेन्मार्कमध्ये १२६ पुरुषांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्या व लटक्या उपचारांत लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्रे निराळी, मात्रा निराळ्या, रुग्ण निराळे. त्यामुळे निष्कर्ष एका ओळीत बसत नाही. अमेरिकन मूत्ररोग संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत ही पद्धत संशोधनाधीन समजावी असे म्हटले. युरोपीय संघटना, रक्तवाहिन्यांच्या सौम्य दोषात, थोडी उदार आहे. पण तिची शिफारसही दुबळ्या वर्गातीलच.

आणखी एक गोष्ट पत्रकात कधीच नसते. फिजिओथेरपीत टाचदुखीसाठी वापरले जाणारे रेडियल यंत्र आणि अभ्यासांत बहुधा वापरलेले केंद्रित लहरींचे यंत्र ही एक नव्हेत. पहिल्याची दाबलहर त्वचेपाशीच विखुरते. खऱ्या अर्थाने ती शॉक वेव्ह नव्हेच. ते यंत्र स्वस्त असते. त्यावर उपचार घेणाऱ्याच्या हाती मात्र दुसऱ्याच यंत्रावरील अभ्यासाचे आकडे दिले जातात.

त्या गृहस्थांना मी एवढेच विचारले, की रात्री लघवीला किती वेळा उठता. तीन-चार वेळा, म्हणाले. उपाशीपोटीची साखर २१४ निघाली. रक्तदाबही वाढलेला होता. साठ हजार रुपयांच्या पत्रकात साखर तपासण्याचा उल्लेख नव्हता.

मॅसॅच्युसेट्स येथे ४० ते ७० वयाच्या पुरुषांची पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक तक्रार होती. पूर्ण असमर्थतेचे प्रमाण एकंदरीत सुमारे १० टक्के, तर उपचार चालू असलेल्या मधुमेहींत २८ टक्के होते. शिस्नाची धमनी एक-दोन मिलिमीटर रुंदीची, हृदयाची तीन-चार. एकच गाळ बारीक नळीला आधी अडवितो. म्हणून ही तक्रार छातीतील कळेच्या आधी, कधी दोन-तीन वर्षे आधी, दिसते. अशा माणसाला थेट यंत्राखाली झोपविणे म्हणजे धुराची सूचना देणारी घंटा तेवढी दुरुस्त करणे होय. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू आणि चालू असलेली औषधे यांची चौकशी प्रथम. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या हाती सिल्डेनाफिल पडू नये, हे आपण डॉक्टर जाणतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना गोळी नेणारा जाणत नाही. नीट तपासणी होऊन, गोळीचा उपयोग मर्यादित ठरून, मूत्ररोगतज्ज्ञाने केंद्रित लहरींचा पर्याय सुचविला आणि रुग्णाने तो अनिश्चितता समजून घेतला, तर माझी हरकत नाही. अशी तपासणी आपल्या न्यू सिव्हिलमध्ये किंवा स्मीमेरमध्ये कमी खर्चात सुरू करता येते.

नवविवाहित तरुणांची गोष्ट वेगळी. पहाटे ताठरता येते का, एवढ्या एका प्रश्नाने बरेचसे उलगडते. येत असेल, तर वाहिन्या बहुधा शाबूत आहेत. बिघाड भीतीचा आहे. एका खोलीत पडद्याआड आईवडील आणि भावंडे, आठवड्याने पाळी बदलणारी लूम, आणि ‘धातू गेल्याने शक्ती जाते’ ही गावाहून सोबत आलेली समजूत. या समजुतीतून जडणाऱ्या विकाराला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. त्यावर कोणतीही लहर चालत नाही.

ही भीती लग्नात उपजत नाही, हे मात्र मी माझ्या शाखेच्या अधिकाराने सांगू शकतो. आठ-नऊ वर्षांच्या गुबगुबीत मुलाला घेऊन आई येते, इकडेतिकडे पाहते आणि हळूच म्हणते, “याचे लहान आहे, पुढे अडचण नाही ना येणार?” मुलगा सर्व ऐकत असतो. त्याला आडोशाला नेऊन, ओटीपोटाची चरबी बोटांनी दाबून मोजले, की माप बहुतेक वेळा वयाला योग्य भरते. ते मी आईला दाखवितो, मुलालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, आणि मग त्याच्या वजनाकडे वळतो.