पीळ न पडणारी नळी

प्लेटलेटदान करून आलेल्या एका वाचकानं विचारलंय, ‘हातातली नळी थेट यंत्रात जाते आणि आतलं भांडं तर गरगर फिरत असतं. मग नळीला पीळ कसा पडत नाही?’

फार सुंदर प्रश्न आहे, कारण यंत्र बनवणाऱ्यांचा मोठा पेच हाच होता. मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या भांड्यात जड तांबड्या पेशी बाहेरच्या कडेला जातात, प्लाझ्मा आत राहतो आणि मधल्या पातळ थरातून प्लेटलेट उचलल्या जातात. उरलेलं रक्त दात्याला परत मिळतं. १९६०च्या दशकात आयबीएमचे अभियंते जॉर्ज जडसन यांनी, मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्यावर, अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या डॉ. एमिल फ्रायराइक यांच्यासोबत असं यंत्र उभं केलं. त्यात फिरता भाग आणि स्थिर भाग घासत्या सीलनं जोडलेले होते. घासणं आलं की गळतीची आणि पेशी चिरडण्याची धास्ती आलीच.

डेल ॲडम्स यांनी १९७१मध्ये पेटंट घेतलेली युक्ती इथे कामी आली. ती घरी करून बघा. तळहातावर रिकामं ताट ठेवा. ते आडवंच ठेवून काखेखालून आतल्या बाजूनं फिरवा. हात पिळवटेल, पण थांबू नका. त्याच दिशेनं डोक्यावरून आणखी एक फेरी काढा. ताट दोनदा फिरलं आणि हात सरळ! यंत्रात नळीचा वळसा भांड्याभोवती नेमक्या निम्म्या वेगानं फिरतो. पहिल्या फेऱ्यात पडलेला पीळ दुसऱ्यात उलगडतो. काही यंत्रांत आजही सील असतं. पण जिथे ही युक्ती आहे तिथे सुईपासून पिशवीपर्यंत फिरता सांधाच नाही. प्लेटलेटदानाच्या गोष्टीत ॲडम्स यांचं नाव जडसन यांच्या शेजारी यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

अशा एका दानातून, ज्याला रक्तपेढीत एसडीपी म्हणतात, साधारण तीस हजार कोटी प्लेटलेट मिळतात. एरवी त्यासाठी सहा रक्तदाते लागतील. २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवूनही त्या पाचच दिवस टिकतात, म्हणून कर्करोगाच्या वॉर्डांना दाते कायम हवे असतात. डेंगीत मात्र नुसता आकडा घसरला म्हणून एसडीपीसाठी धावाधाव होते. रक्तस्राव नसेल तर बहुतेकांच्या प्लेटलेट काही दिवसांत आपणहून वाढतात.