लैंगिक आरोग्य, लेखांक 6 : पाळणा थांबला की काळजीही थांबते

भारतात निरोध 1968 साली बाजारात आला तो कुटुंबनियोजनासाठी. पाळणा लांबवण्याचे साधन ही त्याची ओळख अजून पुसलेली नाही. सुरक्षित संबंधांकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे मोठे कारण इथेच सापडते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. कंडोमवर भिस्त ठेवणारी जोडपी 9.5 टक्के होती. बायकोचे ऑपरेशन झाले की निरोध घरातून जातो. नसबंदीने गर्भ राहत नाही हे खरे, पण एचआयव्ही, उपदंश किंवा परमा यांना ती अडवत नाही.

दुसरे कारण विश्वासाचे, आणि ते अधिक अवघड आहे. पत्नीने कंडोमचा विषय काढला तर तो पतीवर घेतलेला संशय ठरतो, किंवा तिच्याच चारित्र्यावर प्रश्न येतो. म्हणून ती गप्प बसते. चांगल्या घरातला, धडधाकट माणूस म्हणजे निर्धोक, हा ठोकताळाही घातक आहे. एचआयव्हीची लागण झालेली व्यक्ती कित्येक वर्षे निरोगी दिसू शकते.

मग लाज. तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये गिऱ्हाईक आधी डोकेदुखीची गोळी मागते, शेजारचा माणूस जाईपर्यंत रेंगाळते आणि मग हळू आवाजात ‘पाकीट’ म्हणते. दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. अशा घाईत घेतलेल्या वस्तूबद्दल काही विचारणे होत नाही. पाकीट महिनोन्महिने खिशात दबून राहते, मुदत पाहिली जात नाही, वर खोबरेल तेल लावले जाते. तेलाने रबर कमकुवत होऊन फाटते, ही साधी गोष्ट अनेकांना कुणी सांगितलेलीच नसते.

सांगण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात फार पूर्वी झाला. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक अखेरपर्यंत चालवले. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. असा वारसा असलेल्या राज्याने 2007 मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाला विरोध करावा, ही खेदाची गोष्ट आहे. अशा शिक्षणाने मुले बिघडतात, ही भीती निराधार आहे. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेने जगभरातील अभ्यास तपासून, लैंगिक शिक्षणामुळे मुलांचे लैंगिक व्यवहार वाढत नाहीत, असा निष्कर्ष दिला आहे.

मात्र नुसती माहिती देऊन भागत नाही. सांगलीत 1992 पासून ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम केले. तिथे कंडोम वाटणाऱ्या आणि समजावणाऱ्या त्याच वस्तीतल्या स्त्रिया होत्या. एकटीने नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दाराशी जाते. सगळ्यांनी मिळून अट घातली की ती मानावी लागते. शाळेतल्या वर्गालाही हाच धडा लागू आहे. शरीररचनेच्या आकृतीइतकाच वेळ ‘नको’ कसे म्हणावे, जोडीदाराशी हा विषय कसा काढावा, यांच्या सरावाला द्यायला हवा. हा सराव मुलग्यांकडूनही करून घ्यावा, कारण नकार ऐकायची सवय त्यांनाच कमी असते.

लागणीची शंका असलेल्यांनी तपासणीला उशीर करू नये. सरकारी रुग्णालयांतील केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते, 1097 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो आणि 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने चाचणीचा निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.